कापशी आणि जवसाचं तेल

शेषराव गावंडे यांनी तीस वर्षांच्या नोकरीत जेवढे म्हणून सल्ले दिले, त्यांपैकी एकच कोणीतरी ऐकला, आणि नेमकी त्याच सल्ल्यात कापशी घार अडकली.

शेषराव कृषी सहायक होते. शेतकऱ्याला बांधावर गाठून शहाणं करायचं, हे त्यांचं सरकारी काम. भातकुली तालुक्यात त्यांनी भाषण केलं नाही असा बांध नव्हता, आणि ते भाषण शेवटपर्यंत ऐकलेला शेतकरीही नव्हता. त्यातही त्यांचा जीव की प्राण विषय म्हणजे पक्षीथांबे. हरभऱ्यात टीच्या आकाराची लाकडं रोवा, त्यावर पाखरं बसतील, अळ्या वेचतील, उंदीर धरतील, फवाऱ्याचं औषध वाचेल. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की गावात त्यांचं नावच थांबेसाहेब पडलं. थांबा मात्र अख्ख्या शिवारात एकच उभा राहिला. तो जानरावच्या वावरात होता, आणि तोही शेषरावांनीच नमुना म्हणून स्वतःच्या हातानं रोवलेला. त्यावर आजवर एकही पाखरू बसलं नव्हतं, कारण त्यावर जानरावचा डबा आणि सदरा टांगलेला असे.

आता तो ऐकलेला सल्ला. निवृत्तीच्या आधी एकदा जानराव रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, नावानं बोटं मोडत होता. हरभरा वर आला की रोही येतात आणि फडशा पाडतात. शेषरावांना त्या दिवशी बस गाठायची घाई होती, म्हणून ते भाषण न करता चालता चालता एवढंच म्हणाले, "मासे धरायची जुनी जाळी बांध ना धुऱ्याले." भाषण नव्हतं म्हणूनच असेल, पण जानरावनं ते मनावर घेतलं आणि वावराच्या चारी बांधांना नायलॉनची जाळी बांधून टाकली.

जानेवारीतल्या एका सकाळी हाच जानराव मोटारसायकलवरून अमरावतीला राजापेठेत त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. छातीशी दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"सायेब, हे तुमच्या जाळीत सापडलं."

'तुमच्या' हा शब्द शेषरावांना दाताखाली खडा यावा तसा लागला. पण त्यांनी दुपट्ट्याचं टोक उचललं आणि तो शब्द विसरून गेले. आतून दोन लालभडक डोळे त्यांच्याकडे बघत होते. पांढरीशुभ्र छाती, राखाडी पाठ, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळ्यांना कुणी बारकाईनं घातल्यासारखं काजळ. डाव्या पंखाखाली जाळीचा दोरा चरचर कापत गेला होता आणि रक्त सुकून काळं पडलं होतं. एवढं होऊनही त्या पाखराच्या नजरेत केविलवाणेपणा म्हणून नव्हता. उलट, तुझा निकाल मग लावते, असंच काहीसं ते बघणं होतं.

"कापशी," शेषराव हलक्या आवाजात म्हणाले. तीस वर्षं त्यांनी हिच्यावर भाषणं केली होती. हातभर अंतरावरून मात्र आजच पहिल्यांदा पाहिली.

आतून पार्वताबाई आल्या. "अवो, हे काय आणलं? डोळे पाहा त्याचे, बापा! दारू पेल्यावानी लाल!"

"शेतकऱ्याचा मित्र आहे तो," शेषराव म्हणाले. त्यांनी कौतुकानं हात पुढे केला आणि मित्रानं त्यांच्या अंगठ्यात नखी रुतवली ती रुतवलीच. सोडवायला जानराव आणि पार्वताबाई दोघं लागले.

इथं थांबून कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, तो विचारणार कुणाला? आणि वऱ्हाडात जखमेवर काय लावायचं हा विचारायचा प्रश्न तरी आहे का? बैलाचा खांदा सोलवटला, बायकोचा हात भाजला, स्वतःचा गुडघा फुटला, सगळ्यांना एकच: हळद आणि जवसाचं तेल. पार्वताबाईंनी पळीत तेल कोमट केलं, हळद कालवली, आणि शेषरावांनी ती जखमेवर लावली. तेल बरंच उरलं. उरलेलं वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी दोन्ही पंखांना मुळापासून टोकापर्यंत चांगली मालीश केली. ताकद यावी म्हणून. शेवटी कापशी हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळीधमक दिसू लागली.

राहायची सोयही झाली. वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात थंडीत एक रिकामा कूलर असतो. शेषरावांनी आपल्या कूलरचा पंखा काढला, आत एक काठी आडवी बसवली, आणि पाहुणी राहायला आली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे मोतीराम सगळ्यात आधी हजर. मोतीरामांना कुठल्याही दुखण्यावर काहीतरी माहीत असतंच. "गावंडे भाऊ, याले रिकाम्या पोटी गरम दूध द्या."

"मोतीराम, हा शिकारी पक्षी आहे."

"मंग मलाई काढून द्या. अन् लागलं कायनं याले?"

शेषरावांनी क्षणभर बाहेर पाहिलं. "मांजानं," ते म्हणाले. "संक्रांतीचा मांजा. लोकांना अक्कल नाही, दुसरं काय!"

हे पहिलं खोटं. बोलताना ते फार लहान वाटलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या शिकवणी वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत झुंडीनं आली, आणि शेषरावांना आयुष्यात पहिल्यांदा उठून न जाणारे श्रोते मिळाले. कूलरला टेकून ते बोलत राहिले. कापशी हवेत एकाच जागी पंख फडफडवत कशी थांबते, तिथून गवतातला उंदीर कसा हेरते, एक जोडी वर्षाकाठी किती उंदीर संपवते. बोलण्याच्या भरात, "आता पंखांची रचना बघा," म्हणून त्यांनी कूलरचं दार उघडलं. कापशीनं झेप घेतली.

आणि ती दगडासारखी खाली आली, पार्वताबाईंच्या तुरीच्या शेंगांच्या टोपलीत.

पोरं हसली. शेषरावांना हसू आलं नाही. त्यांनी पाहिलं, पंख उघडले होते, पण पिसं एकमेकांना चिकटून बसली होती. हवा त्यांच्यामधून सरळ निघून गेली.

मग फोनाफोनी झाली. वनखात्याच्या फोनवरचा माणूस सभ्य होता. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कागद आणा, माणूस पाठवतो, म्हणाला. शेषराव कापशीला खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता फॉर्म भरायला घेतला.

"मालकाचं नाव?"

"याला मालक नसतो. वन्य पक्षी आहे."

"नाव लिहाच लागते. तुमचंच लिवतो. गाय का म्हैस?"

"कापशी घार."

"तो रकाना नाई हाये. वेत कितवं? दूध किती देते?"

शेषरावांनी स्वतः जन्मभर सरकारी नोकरी केली होती, म्हणून वाद घातला नाही. कारकुनानं 'इतर' या रकान्यात विचार करून 'कोंबडी, १' असं लिहिलं आणि शिक्का मारला; डॉक्टरबाई दौऱ्यावर होत्या. संध्याकाळी वनखात्याचा माणूस आला, त्यानं कागद वाचला आणि हात जोडले. "साहेब, कोंबडी आमच्या अखत्यारीत येत नाही." कोंबडीची घार करून घ्यायला पुढचा अख्खा दिवस, एक अर्ज आणि मोतीरामांची साक्षीदार म्हणून सही लागली. तोवर तेल पिसांत मुरत होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर गीतांजली यांनी कापशीला हातात घेतलं. वयानं लहान बाई, पण हात असा की पाखरू धडपडलंच नाही. त्यांनी जखम धुतली, चार टाके घातले, आणि मग पंख उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"जखम भरेल," त्या म्हणाल्या. "पण पंखांना तेल कुणी लावलं? जवसाचं आहे हे. वाळलं की गोंदासारखं चिकटतं. पिसाला पीस जोडलेलं राहिलं तरच पक्षी उडतो. हे धुतलं नाही गेलं तर हा पक्षी आता उडत नाही. आणि कापशी उडाली नाही, तर उपाशी मरते."

शेषरावांच्या तोंडून शब्द आपोआप निघाले. "शेतकऱ्यानं. ज्याच्या वावरात सापडली त्यानं."

हे दुसरं खोटं, आणि हे लहान नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथं जानरावचा नंबर घेतला आणि फोन लावून त्याला चांगलं समजावलं. फोनचा आवाज मोठा होता. शेषरावांना सगळं ऐकू येत होतं.

पलीकडून जानराव म्हणाला, "हो बाई. चुकलंच. मीच लावलं तेल. आता नाई लावत."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शेषरावांनी हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवली होती. त्या दिवशी ती त्यांना उलट्या बाजूनं ऐकू आली. घरी येऊन ते जेवले नाहीत. पार्वताबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, पोट भरलेलं आहे.

कापशीला अकोल्याला हलवायचं ठरलं. तिथं गावाबाहेर धर्मपाल नावाचा एक माणूस जखमी शिकारी पक्ष्यांचं बघतो. वनखात्याची परवानगी होती, आणि सोबतीला शेषराव गेले. जायलाच हवं होतं म्हणून गेले असं नाही, राहवलं नाही म्हणून गेले.

धर्मपाल एके काळी शेडनेटमध्ये ढोबळी मिरची पिकवायचा. मिरचीनं दगा दिला, शेडनेट उरलं. आता त्या लांबलचक हिरव्या जाळीखाली मिरचीऐवजी घारी, शिक्रे आणि एक म्हातारं घुबड उडण्याचा सराव करत असे. धर्मपालचा नियम एकच. तो त्यानं पाटीवर लिहिला होता: 'बोलू नये.' पाखरांना माणसाच्या आवाजाची सवय लागली तर ती पुढे माणसाजवळ येतात आणि मरतात.

"शंका असेल तर?" शेषरावांनी विचारलं.

धर्मपालनं पाटीकडे बोट दाखवलं.

कापशीचं न्हाणं झालं. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण. शेषरावांनी धरायचं, धर्मपालनं एकेक पीस बोटांत घेऊन वरून खाली धुवायचं. शेषरावांच्या दोन्ही हातांत ते पाखरू मावत होतं. वजन पावशेरही नसेल. वांगी घ्यायची झाली तर एवढी कुणी घेत नाही. पण त्या पावशेरात काळीज इतकं जोरात धडधडत होतं की त्यांना ते तळहातापासून मनगटापर्यंत जाणवत होतं. भिजून एवढीशी झाली तरी तिनं मान झुकवली नाही. लाल डोळे त्यांच्या डोळ्यांत तसेच रोखलेले. शेषरावांना एकाएकी स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल असं काही वाटलं की त्यांनी हातांची पकड आणखी हलकी केली. देवळातही त्यांना असं कधी झालं नव्हतं. पाटी होती म्हणून बरं, बोलता आलंच नसतं.

एका धुण्यानं तेल निघालं नाही. दर आठवड्याला एक, अशी चार धुणी लागली. दर रविवारी शेषराव अमरावतीहून अकोल्याला जात. धर्मपालनं चिठ्ठीवर एक अट लिहून दिली होती, कापशीच्या खाण्याला उंदीर रानातले हवेत, घरातले नकोत, कारण घरातले विष खाल्लेले असू शकतात. म्हणून जानराव दर शनिवारी वावरातले उंदीर धरून, मारून, स्टीलच्या डब्यात भरून राजापेठेत आणून देई. तेलाचा विषय तो एका शब्दानंही काढत नसे. "घ्या सायेब, आज पाच हायेत," एवढंच. त्याच्या तोंडावर रागाची एक रेष जरी दिसती तरी शेषरावांना सोपं गेलं असतं.

पार्वताबाई माळकरी. त्यांच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. पहिल्या शनिवारी त्यांनी तो डबा चिमट्यानं उचलून जिन्याखाली ठेवला आणि अंघोळ केली. दुसऱ्या शनिवारी डबा मोतीरामांनी, "काय पाठवलं गा गावाकडून, रोडगे का?" म्हणत उघडला आणि त्यांनीही अंघोळ केली. तिसऱ्या शनिवारी पार्वताबाई स्वतः म्हणाल्या, "जिन्याखाली गरम होते. फ्रीजात खालच्या कप्प्यात ठेवा, पन झाकण घट्ट लावजा. तिले शिळं खाऊ घालसान का?"

फेब्रुवारी संपता संपता एका रविवारी कापशी शेडनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडाली, आणि मध्येच हवेत थांबली. दोन्ही पंख वर धरून, शेपूट पसरून, जागच्या जागी. शेषराव खाली मातीत बसून तोंड उघडं टाकून बघत होते. धर्मपालनं दीड महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"झालं. जिथं सापडली तिथंच सोडायची. वावर तिच्या ओळखीचं आहे."

जानरावनंही फोनवर सांगितलं होतं, दुसरी एक कापशी रोज सकाळी तारेवर येऊन बसते आणि वावरावर नजर ठेवते.

सोडायचा कार्यक्रम डॉक्टरबाईंनी ठरवला. गावाला माहिती द्यायची ही चांगली संधी होती. शेषरावांना 'दोन शब्द' बोलायची विनंती झाली. त्यांनी अकरा पानं लिहिली.

जानरावच्या धुऱ्यावर पन्नासेक माणसं जमली. शाळेची पोरं, बायका, पागोटेवाले म्हातारे. राजापेठेतून पार्वताबाई आणि मोतीराम ऑटोनं आले. हरभरा घाट्यांनी भरला होता. धर्मपाल खोकं घेऊन झाडाखाली उभा. डॉक्टरबाईंनी सुरुवात केली. जखमी पाखरू सापडलं तर अंधाऱ्या खोक्यात ठेवा, खाऊपिऊ घालू नका, फोन करा. "आणि तेल तर अजिबात लावू नका. आपल्याच गावातल्या एका भावानं लावलं, आणि पाखरू कायमचं बसलं असतं."

सगळ्या माना जानरावकडे वळल्या. कुणीतरी म्हणालं, "काय गा जानराव, वरतून तडका द्याचा राहिला होता का?" हशा पिकला. जानराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत खाली बघत राहिला.

"आता गावंडे साहेब दोन शब्द बोलतील."

शेषराव उभे राहिले. अकरा पानं हातात होती. 'उपस्थित शेतकरी बंधूभगिनींनो' इथवर ते गेले आणि अडले. पानं त्यांनी घडी करून खिशात घातली. नोकरीभर सांभाळलेली शुद्ध भाषाही बहुधा तिथंच गेली.

"तेल मी लावलं," ते म्हणाले. "जानरावनं नाई. अन् जाळी बी माह्याच सांगण्यावरून बांधली त्यानं. मांजा नाई, काई नाई. मी खोटं बोललो, अन् थो माह्यासाठी गप्प बसला. मले काई समजत नव्हतं अन् मी कोणाले इचारलं नाई. एवढंच."

तीस वर्षांत त्यांचं इतकं छोटं भाषण झालं नव्हतं, आणि शेवटपर्यंत ऐकलं गेलेलंही हेच पहिलं. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. मग बायकांमधून पार्वताबाईंचा आवाज आला. "तेल तापवून मी देल्लं होतं. त्यायलेच एकट्याले काहून बोल लावता?"

जानरावनं मान वर केली. "जाऊ द्या ना सायेब," एवढंच म्हणाला.

धर्मपालनं खोकं शेषरावांपुढे धरलं. शेषरावांनी ते जानरावच्या हातात दिलं. "तू उघड गा."

जानरावनं झाकण उघडलं. पांढरं काहीतरी सपकन बाहेर आलं, वीस हातांवर गेलं आणि हरभऱ्यात पडलं.

मोतीराम हळूच म्हणाले, "तेल राह्यलं वाट्टे." शेषराव पुढे धावणार, तेवढ्यात धर्मपालनं त्यांचा दंड धरला.

हरभरा हलला. कापशी वर आली. आधी माणसाएवढी उंच, मग बाभळीएवढी, मग आणखी वर. आणि तिथं, पन्नास माणसांच्या बरोबर डोक्यावर, ती थांबली. उन्हात तिचे पंख नुसते थरथरत होते. खाली अख्खं गाव मान वर करून उभं होतं, आणि ती गावाकडे बघतही नव्हती. तिचं लक्ष हरभऱ्यातल्या कुठल्याशा एका गवताच्या काडीवर होतं. तारेवरून दुसरी ओरडली. शाळेतलं एक पोरगं "अबे बाप!" म्हणालं आणि त्याच्या बाईंनी त्याला गप्प केलं नाही, कारण त्यासुद्धा तेच म्हणत होत्या.

मग ती पडली. या खेपेला मात्र स्वतःच्या मर्जीनं, पाय खाली सोडून. वर आली तेव्हा पंजात उंदीर होता. तो घेऊन ती वावराच्या मधोमध गेली आणि अख्ख्या शिवारातल्या एकुलत्या एक थांब्यावर, जानरावच्या डब्याशेजारी, ऐसपैस बसली.

शेषरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

जानराव हळूहळू सरकत त्यांच्याजवळ आला. त्याचीही नजर थांब्यावर होती. "सायेब," तो कुजबुजला, "जाळी मी आजच काढून टाकतो. पन थे लाकडं... थे थांबे... एकरी किती लावा लागते हो?"

आजूबाजूचे दोन-तीन म्हातारेही उत्तरासाठी कान देऊन उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं होतं. आकडा शेषरावांच्या जिभेवर होता, अंतर, उंची, लाकडाची जाडी सगळं होतं, खिशात अकरा पानं होती.

"थांब ना गा थोडं," ते म्हणाले. "मले पाहू दे."